पैसे मे महिन्यात आले, कोप्या मार्चमध्येच उठल्या

(बारामती येथे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्ते, शिक्षक व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिला आहे ‘सार्वजनिक आरोग्यातलं संशोधन आणि त्याचा खर्च’. जाहिरात वाचून कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही इतके जण आलात, त्यातल्या निम्म्यांना बहुतेक वाटलं असेल की आज साखर, बीपी तपासून मिळणार आहे. तसं काही आणलेलं नाही, माफ करा.

माझे अब्बा इंदापूरच्या एसटी आगारात मेकॅनिक होते. मी पीएचडीला नाव घातलं तेव्हा शेजारच्या एका भाभीनं अम्मीला विचारलं, “पीएचडी म्हणजे नोकरी का?” अम्मी म्हणाली, “नाही, शिक्षण.” “मग फी किती?” अम्मी म्हणाली, “फी आहे, पण वर पैसे मिळतात म्हणे.” भाभी म्हणाल्या, “म्हणजे नोकरीच की.” त्या दोघींचं बोलणं मला नंतर पुष्कळदा आठवलं. कारण सहा वर्षांत मला हे नक्की कळलं नाही, की सरकार मला विद्यार्थी समजतं, नोकर समजतं, की उपकार केलेला माणूस समजतं. पैसे वेळेवर आले नाहीत की मी विद्यार्थी असायचे. हजेरीपत्रकावर सही राहिली की नोकर. आणि थकबाकी विचारायला फोन केला की तिसरं.

माझा विषय होता ऊसतोड कामगार बायकांची बाळंतपणं. आपल्या दोन तालुक्यांत हा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर. दिवाळी झाली की या कारखान्यांच्या आसपास, रस्त्याच्या कडेला, मोकळ्या रानात कोप्या पडतात. बीडहून, अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगावकडून, जालन्याकडून टोळ्या येतात. आपण त्यांना रोज पाहतो. उसाच्या गाडीमागे आपली मोटारसायकल अडकली की शिव्या घालतो आणि पुढे जातो. मीसुद्धा लहानपणापासून तेच करत आले होते.

माझा प्रश्न साधा होता. एखादी बाई चार-पाच महिन्यांची गरोदर असताना गाव सोडून इथे येते. तिची नोंद गावच्या आरोग्य उपकेंद्रात असते. माता-बाल संरक्षण कार्ड बहुतेक वेळा घरी ट्रंकेत राहतं. इथल्या आशाताईच्या यादीत ती नसते, कारण यादी इथल्या घरांची असते आणि कोपी म्हणजे काही घर नाही. मग पुढच्या तपासण्या होतात का? लोहाच्या गोळ्या मिळतात का? बाळंतपण कुठे होतं? आणि यातलं किती स्थलांतरामुळे बिघडतं, किती गरिबीमुळे तसंही बिघडलंच असतं? हा शेवटचा प्रश्न खरा संशोधनाचा. बाकीचे तीन कोणीही तळावर जाऊन दोन दिवसांत विचारू शकतं.

पहिल्या वर्षी मी सकाळी दहा वाजता तळावर गेले. तिथे म्हाताऱ्या, लहान मुलं आणि कुत्री. टोळी पहाटेच फडात गेलेली. संध्याकाळी सातला परत गेले तर चुली पेटलेल्या. एका बाईला म्हटलं, “उद्या सकाळी अर्धा तास द्याल का?” ती म्हणाली, “म्याडम, सकाळचं नका सांगू. खाडा पडला तर तुम्ही भरणार का?” खाडा म्हणजे काय ते इथे सांगायला नको, पण शहरातून आलेल्यांसाठी सांगते. टोळी नवरा-बायकोच्या जोडीवर चालते, तिला कोयता म्हणतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. एकानं दिवस बुडवला तर त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. म्हणजे माझ्या प्रश्नावलीची किंमत ती बाई मोजणार होती.

नीतिनियम यावर स्पष्ट आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनात भाग घेणाऱ्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते. नैतिकता समितीनंही मला तोच प्रश्न विचारला, “मजुरीची भरपाई कुठून करणार?” मी लिहून दिलं, “मुलाखती रात्री घेईन.” समितीला उत्तर पटलं. रात्री म्हणजे सात ते साडेनऊ. ती बाई भाकरी थापते, मी शेजारी बसून विचारते. आणि रात्री एकटी बाई उसाच्या रानातून स्कूटीवर कशी जाणार? म्हणून भाड्याची गाडी. गाडीत सोबत कोणीतरी. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा अब्बा, रिटायर झालेले, मफलर गुंडाळून पुढच्या सीटवर. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव ‘क्षेत्रकार्य सहकारी’ म्हणून घालायचं होतं. मार्गदर्शक हसले. म्हणून ते ‘कुटुंबीय’ या ओळीत गेलं.

आता पैशाकडे येते. फेलोशिप म्हटलं की आपल्याला वाटतं संशोधनाचा खर्च निघाला. तसं नसतं. फेलोशिप ही संशोधकाच्या पोटापाण्याची असते. यूजीसीची ज्युनियर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, आधी ३१,००० होती. सिनियर झाल्यावर ४२,०००. ज्याला मिळते त्याच्यासाठी ही रक्कम वाईट नाही, मी खोटं बोलणार नाही. पण प्रत्यक्ष संशोधनासाठी जो आकस्मिक खर्च मिळतो तो सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये आणि पुढे वर्षाला २०,५००. पुस्तकं, झेरॉक्स, प्रवास, टायपिंग, सगळं त्यात. ज्याचं संशोधन ग्रंथालयात होतं त्याचं यात कसंबसं भागेल. ज्याला ८०० बायकांना भेटायचं आहे त्याचं काय?

८०० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. थोडं गणित करते, मुलांनी लक्ष द्यावं. एखादी गोष्ट लोकसंख्येत किती टक्के आहे हे ठाऊक नसेल आणि पाच टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर सूत्राप्रमाणे ३८४ माणसं लागतात. वैद्यकीय कॉलेजांतल्या प्रबंधांत हा ३८४ आकडा तुम्हाला जागोजागी दिसेल. पण ही माणसं सगळीकडून सुटी-सुटी निवडलेली असली पाहिजेत. आमच्या बायका तळावर एकत्र राहतात. एका टोळीतल्या बायका एकाच गावच्या, एकाच मुकादमाच्या, बऱ्याचदा एकमेकींच्या जावा. दहा जणींना विचारलं तरी दहा वेगळी उत्तरं मिळत नाहीत. म्हणून आकडा दुप्पट धरतात, ७६८. काही जणी नाही म्हणतील, काही मुलाखती अर्ध्या राहतील. म्हणून ८५० धरा.

एका संध्याकाळी मी आणि एक मदतनीस मिळून पाच मुलाखती. ८५० भागिले ५ म्हणजे १७० संध्याकाळी. गाळप हंगाम चालतो चार-पाच महिने, त्यात शेवटचा महिना टोळ्या उठायला लागतात. म्हणजे एका गटानं काम होत नाही, दोन लागतात. एका संध्याकाळची गाडी ८०० रुपये आणि मदतनिसाचे ५०० धरले तर १७० संध्याकाळींचे २ लाख २१ हजार. रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायचं तर एका पट्टीला साठ रुपये धरा, ५१ हजार. झाले पावणेतीन लाखांच्या घरात. हातात १०,०००.

मग माणूस काय करतो? नमुना लहान करतो. मी २१२ बायकांपर्यंत पोचले. प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली, नावापुढे डॉक्टर लागलं. पण २१२ चा अर्थ काय होतो ते सांगते. समजा मला दिसलं की शंभरातल्या चाळीस जणींच्या तपासण्या इथे आल्यावर तुटल्या. तर खरा आकडा तीसही असू शकतो, पन्नासही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यासमोर हा कागद ठेवला की तो विचारतो, “मॅडम, तीस की पन्नास?” आणि त्याचं बरोबर असतं. तीस असतील तर एक फिरतं पथक पुरेल, पन्नास असतील तर दोन लागतील. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कमी पैशात संशोधन होतं, पण त्यातून निर्णय घेता येत नाही. ते कपाटात जातं. आपल्या विद्यापीठांच्या कपाटांत अशा ३८४-वाल्या, २१२-वाल्या प्रबंधांच्या काळ्या बाइंडिंगच्या थप्प्या आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. माझी फेलोशिप कुठली होती ते इथे सांगत नाही. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरपासूनचा हप्ता थांबला. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना कुठेतरी बसला होता. त्या हंगामात मी दोन मदतनीस मुली ठरवल्या होत्या, इथल्याच, पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या. नोव्हेंबर-डिसेंबर मी अम्मीच्या बांगड्यांवर चालवलं. जानेवारीत मुलींना सांगितलं, येऊ नका. मे महिन्यात सगळी थकबाकी एकदम खात्यात आली. बँकेचा मेसेज आला तेव्हा मी भवानीनगरच्या रस्त्यानंच येत होते. तळावर चुलींच्या काळ्या दगडांखेरीज काही नव्हतं. कोप्या मार्चमध्येच उठल्या होत्या. लेखापालाच्या दृष्टीनं माझे पैसे पूर्ण मिळाले. हंगाम मात्र गेला तो गेला.

सार्वजनिक आरोग्यात हे वारंवार होतं, कारण आजार आर्थिक वर्ष पाळत नाहीत. डेंग्यू पावसाळ्यानंतर येतो. उष्माघात एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमका जुन्या वर्षाचे पैसे परत गेलेले आणि नव्याचे आलेले नसतात तेव्हा. अमेरिकेत सीडीसी ही सरकारी संस्था आहे, करोनाच्या काळात तिचं नाव सगळ्यांनी ऐकलं. तिनं सार्वजनिक आरोग्यातल्या प्रबंधासाठी वेगळं अनुदान दिलेलं आहे. जगण्याची सोय वेगळी, प्रबंधाचा खर्च वेगळा, हा विचार त्यामागे आहे. तिथलं सगळंच चांगलं असं नाही, पण हा फरक त्यांनी ओळखला. आपल्याकडे आयसीएसएसआरची पीएचडीसाठीची फेलोशिप महिना २०,००० आणि वर्षाला २०,००० आकस्मिक खर्च अशी आहे, तीही साधारण दोन वर्षं. आयसीएमआरच्या ज्युनियर फेलोशिप वर्षानुवर्षे देशभरात मिळून १५० होत्या, त्यातल्या सामाजिक शास्त्रांसाठी ३०. अख्ख्या देशात तीस.

आता आपल्या समाजाच्या प्रश्नाकडे येते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई फक्त ऊसच सांगून गेली.

मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यात होतं की देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान आणि पदव्युत्तरच्या ५० मागे एक. जिथे एम.ए.लाच पन्नासात एक, तिथे पीएचडीला कोण पोचणार? म्हणून त्या अहवालानंतरच्या काळात ही फेलोशिप आली. मुसलमानांसह सहा अल्पसंख्याक समाजांसाठी, त्यात बौद्ध, जैन, शीख, ख्रिश्चन, पारशी सगळे. मौलानांचं नाव योग्यच होतं, १९५३ साली यूजीसीचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं होतं. ८ डिसेंबर २०२२ रोजी तत्कालीन मंत्री स्मृती इराणी यांनी लोकसभेत सांगितलं की ही योजना २०२२-२३ पासून बंद. त्याच उत्तरात होतं की २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ जणांना ७३८.८५ कोटी रुपयांच्या फेलोशिप दिल्या गेल्या. कारण दिलं की इतर योजनांशी ती ‘ओव्हरलॅप’ होते.

ओव्हरलॅप या शब्दावर मी थोडं थांबणार आहे. एका विद्यार्थ्याला एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, तसं प्रतिज्ञापत्रच लिहून द्यावं लागतं. म्हणजे पैसे दुहेरी जात नव्हते. दोन योजनांना पात्र असणारा विद्यार्थी एकच योजना घेत होता आणि दुसरीतली जागा दुसऱ्याला मिळत होती. आता एक दार बंद झालं तर तो दुसऱ्या दाराच्या रांगेत उभा राहतो, आणि तिथला शेवटचा बाहेर पडतो. जे आधीपासून फेलोशिप घेत होते त्यांना मुदत संपेपर्यंत मिळेल असं सांगितलं गेलं. २०२५ मध्ये त्यांच्यातल्या अनेकांचे महिनोन्महिने पैसे आले नाहीत, हे वर्तमानपत्रांत तुम्ही वाचलं असेल.

पण सगळं दिल्लीवर ढकलून मोकळं होता येणार नाही. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. तिथेही आंदोलनं केल्याशिवाय पैसे हलत नाहीत, हे त्या मुलांनाच विचारा. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपवर चर्चा चालली होती, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजितदादा पवार यांनी विचारलं होतं, की पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत. राज्यभर टीका झाली. मलाही राग आला होता, आपल्याच बारामतीचे आमदार म्हणून जरा जास्तच. पण नंतर वाटलं, हा प्रश्न काही एकट्यांचा नाही. माझ्या मामांनी तोच विचारला होता. मशिदीच्या कट्ट्यावरही तोच विचारतात. रागावण्यापेक्षा याला उत्तर दिलं पाहिजे, आणि उत्तर द्यायला आपल्याकडे साहित्य आहे.

दिवे कसे लागतात ते सांगते. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा एक लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. गडचिरोलीतली दोन गावं, ६५० बायका. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोवर जगभर ‘गरीब देशातल्या बाईचं आरोग्य’ म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढंच धरलं जायचं. दोन खेड्यांतल्या कामानं तो समज हलला. उलटं उदाहरण बीडचं. ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात ही बातमी २०१९ मध्ये गाजली, मग सरकारनं समिती नेमली, पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे सतरा टक्क्यांच्या आसपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातला आकडा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगट सारखे नाहीत म्हणून थेट तुलना करू नका, पण अंतर केवढं आहे ते बघा. हे एका वर्षात झालं नव्हतं. त्या बायका वर्षानुवर्षे आपल्याच तळांवर येऊन राहून जात होत्या. दहा वर्षं आधी एखाद्या पीएचडीच्या मुलीला दोन हंगामांचे पैसे मिळाले असते तर तेरा हजारांचा आकडा तेरा हजारांवर जाण्याआधी कोणीतरी मोजला असता.

अजून एक गोष्ट आहे, ती आपल्याशी जास्त जवळची. सच्चर अहवालातच एक कोडं आहे. मुसलमान गरीब, शिक्षणात मागे, तरी त्यांच्यात बालमृत्यू सरासरीपेक्षा कमी. गरिबी जास्त असून मुलं जास्त जगतात, असं का? जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी यावर डोकं लावलं. कोणी आहाराचं कारण सांगितलं, कोणी नात्यातल्या लग्नांचं तपासून पाहिलं. २०१८ मध्ये मायकल गेरुसो आणि डीन स्पीअर्स या दोघांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं की मुसलमान वस्त्यांत उघड्यावर शौचाला जाण्याचं प्रमाण कमी होतं, आणि फायदा नुसता त्या घराला नाही, शेजारच्या सगळ्या घरांना होता. मुसलमान शेजाऱ्यांत राहणाऱ्या हिंदू घरांतली मुलंही त्यामुळे जास्त वाचत होती. माझ्या मते आपल्या समाजाविषयी इतकं महत्त्वाचं वाक्य गेल्या वीस वर्षांत दुसऱ्या कोणत्या संशोधनात आलेलं नाही. आणि ते लिहिलं गेलं टेक्सासमध्ये. त्याचं मला वाईट वाटत नाही, ज्ञान कुठेही तयार व्हावं. पण त्या अभ्यासाला आकडेवारीत मोहल्ला दिसत होता, आत काय चालतं ते दिसत नव्हतं. हे इंदापूरच्या गल्लीत वाढलेल्या मुलीनं केलं असतं तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता, की दादीनं संडास बांधायला हट्ट का धरला? पडद्यासाठी, पाकीसाठी, की जागाच नव्हती म्हणून?

आपल्याकडे प्रश्नांची कमी नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांतून भीमेत येतं आणि उजनीच्या फुगवट्यात येऊन थांबतं. भिगवण, पळसदेवपासून पुढे आपण त्याच पाण्याच्या काठावर राहतो, त्यातले मासे विकतो, खातो. फ्लेमिंगो बघायला पुण्याहून गाड्या येतात. त्यांचंच सांडपाणी आपल्याला पाहुणचारात मिळतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. काठावरच्या मच्छीमार घरांच्या कातडीचं, पोटाचं काय होतं, यावर एक चांगला प्रबंध होऊ शकतो. बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिरूर तालुक्यात वढू इथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं २००२ पासून बावीस गावांची आरोग्यनोंद ठेवली आहे. म्हणजे ग्रामीण पुणे जिल्ह्यात हे काम होतच नाही असं नाही. कऱ्हा-नीरेच्या काठावर मात्र अजून तसं काही उभं राहिलेलं नाही.

पैसे कुठून आणायचे? मला सुचतं ते सांगते, सगळंच जमेल असं नाही.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचं ठरलेलं आहे. एखाद्या कारखान्यानं हंगामात १० लाख टन गाळप केलं तर त्याचा वाटा १ कोटी होतो. त्यातले तीन लाख, फक्त तीन, एखाद्या विद्यार्थिनीच्या एका हंगामासाठी बाजूला ठेवा, आणि ऑक्टोबरच्या आधी द्या. ही मागणी मुसलमानांची म्हणून करायची गरज नाही. त्या तळांवर सगळ्या जातीधर्माच्या बायका आहेत. राज्य मंत्रिमंडळानं २०२४ च्या ऑगस्टमध्ये अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्था, लोक तिला मार्टी म्हणतात, मंजूर केली. तिचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला ठरलं. तिथे फेलोशिप मागताना नुसतं ‘आम्हाला बार्टीएवढे द्या’ म्हणू नका. क्षेत्रकार्याचा खर्च वेगळा मागा, आणि हप्त्याची तारीख लिहून घ्या.

आणि जे आहे ते तरी घ्या. बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत आहेत. त्यांच्या मुलांना महाज्योतीकडे आणि केंद्राच्या ओबीसी फेलोशिपकडे अर्ज करता येतो. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर हाताशी नसतो. अर्जाची मुदत पंधरा-वीस दिवसांची आणि दाखल्याला लागतात दोन महिने. १९६७ च्या आधीचा पुरावा शोधायला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि आजोबा शाळेतच गेलेले नसतात. शेख, सय्यद, पठाण यांना तो रस्ता नाही, त्यांचं आझाद फेलोशिप गेल्यानं खरं नुकसान झालं. नेटच्या विषयांत ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ नावाचा विषय आहे, हे इथल्या किती शिक्षकांना माहीत आहे? हात वर करा. दोन. बरं, दोन तर आहेत.

जमातीविषयी बोलू का? बोलतेच. आपल्याकडे एमबीबीएसला नंबर लागलेल्या मुलाची फी जमवायला चार माणसं फिरतात, आणि फिरावंच. मी माझ्या संशोधनासाठी एका ट्रस्टकडे गेले होते. चाचांनी प्रेमानं चहा पाजला, विचारलं, “बेटा, डॉक्टर होऊन दवाखाना कुठे टाकणार?” मी सांगितलं, दवाखान्याचा नाही, पुस्तकी डॉक्टर. ते म्हणाले, “मग तुझ्या औषधानं बरं कोण होणार?” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सुचतं, पण ते चाचा आता नाहीत.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक मुलगी आली, याच तालुक्यातली, एम.एस.डब्ल्यू. झालेली. तिला तळावरच्या बायकांच्या क्षयरोगावर काम करायचं आहे. गोळ्या गावी चालू होतात, इथे आल्यावर तुटतात का, एवढाच प्रश्न. रुग्णाला पोषणाचे महिना १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे हजार झाले. ते पैसे कोयत्यावर असताना पोचतात का, हेही तिला बघायचं आहे. तिचं प्रवेशाचं काम होत आलंय. फेलोशिप नाही. तिला मी वरचा सगळा हिशेब दाखवला. तिनं तो वहीत उतरवून घेतला आणि विचारलं, “गाडी कोणाची मिळेल?”

सभा संपल्यावर मी दाराजवळच्या टेबलाशी थांबणार आहे. तिथे वही ठेवली आहे. ज्यांची चारचाकी आहे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आठवड्यातली एक संध्याकाळ देता येईल, त्यांनी नाव आणि वार लिहावा. डिझेलचं आपण बघू. ड्रायव्हर म्हणून कोणाचे अब्बा मोकळे असतील तर तेही चालतील.